पवना लेक की पवना धरण? एका लाँग वीकेंडची गोष्ट

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बसमध्ये इयरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलं असेल, तर आज वाचा.)

 

आज फिरण्याबद्दल बोलू या आणि फिरता फिरता पाण्याबद्दल. पुण्या-मुंबईकडचे जे कोणी ऐकताय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पवनेच्या काठावर एखादी रात्र काढली असेल. तंबू, बार्बेक्यू, गिटार, सकाळी धुक्यातला तुंगचा फोटो, आणि त्याखाली लोकेशन ‘पवना लेक’. बरोबर ना?

मी पण तशी दोनदा जाऊन आले होते. तिसऱ्यांदा गेले ती मात्र शेजाऱ्यांबरोबर, आणि राहिले त्यांच्याच गावच्या घरी. त्या तीन दिवसांत जे कळलं, ते तंबूत राहून कधीच कळलं नसतं. म्हणून हा एपिसोड.

आधी मंडळींची ओळख करून देते. मी वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, सोबत एक रूममेट. काम हिंजवडीत. आमच्या समोरच्या दारात काका-काकू. काका भोसरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. पाचव्या मजल्यावर एक दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. आणि सातव्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, कारण पूर्वी ते क्लास घ्यायचे. मीटिंगमध्ये अजूनही घेतात.

गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधली. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. उन्हाळा आला की सोसायटीत टँकर सुरू होतात. एक टँकर म्हणजे दहा हजार लिटर. त्याचं बिल सगळ्यांत वाटलं जातं, आणि त्यावरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत चालू होतं. सरांचं म्हणणं होतं की भाडेकरूंनी जास्त पैसे द्यावेत, कारण फ्लॅटमध्ये तीन-चार पोरं राहतात आणि पाणी जास्त लागतं. माझी रूममेट चिडली. तिने लिहिलं, “आम्ही दोघी आहोत, सकाळी आठला जातो, रात्री आठला येतो, घरात वॉशिंग मशीन पण नाही.” मग कोणीतरी कोणाच्या तरी बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो टाकले. मग कोणाच्या गाडी धुण्याचा व्हिडिओ. एकूण काय, लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मोबाइलमध्ये बघायची वेळ आली होती.

त्या वर्षी १ मे सोमवारी आला होता. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार, सलग तीन दिवस. काकांनी काय केलं, तर भांडणातले जे जे मुख्य होते, त्यांच्या दाराशी जाऊन सांगितलं, “आमच्या गावी चला. तिथं भांडा, हवा चांगली आहे.” काकांना नाही म्हणणं अवघड असतं. काकूंना तर त्याहून अवघड. दोन गाड्यांत आम्ही निघालो.

वाकडहून जुन्या हायवेने कामशेत, तिथून डावीकडे वळायचं, वाटेत बेडश्याची लेणी, मग पवनानगर. जुनी माणसं पवनानगरला अजून काळे कॉलनी म्हणतात. तिथून पुढे पाणी दिसायला लागतं आणि गाडीतले सगळे एका सुरात “वाऽऽ” म्हणतात. आम्हीही म्हटलं.

काकांचं घर उत्तर काठाला, पाण्यापासून जरा वर, उतारावर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथे आधीच गर्दी पुष्कळ आहे. समोर पाणी, पलीकडे उजव्या हाताला तुंग, डावीकडे तिकोना, पाठीशी लोहगड. पुढे लांब पडवी. पडवीत काकांची आई बसलेली, वय ऐंशीच्या पुढे. तिथे काकांचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा राहतात. हा मुलगा माझ्याच वयाचा. त्याचा कॅम्पिंगचा धंदा आहे, बारा तंबू.

आम्ही पोचल्या पोचल्या पाचव्या मजल्यावरच्या छोटीने पडवीत उभं राहून जाहीर केलं, “आजी, तुमचं घर एकदम पवना लेकच्या समोर आहे!”

आजींनी कानाला हात लावला. “कुणाची लेक?”

“लेक म्हणजे तलाव, आजी.”

आजी पाण्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “लेक कसली बाई. सवत हाय ती माझी. घर घिऊन बसलीय माझं.”

सगळे हसले. मी पण हसले. पण रात्री गादीवर पडल्यावर लक्षात आलं की त्यांनी विनोद केला असला तरी माहितीही दिली होती.

आता ही माहिती नीट सांगते. पवना हा नैसर्गिक तलाव नाही. ते पवना नदीवरचं धरण आहे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेलं. आपण ज्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतो, ते खरं तर पवन मावळातलं खोरं आहे. त्यात भातखाचरं होती, वस्त्या होत्या, देवळं होती, विहिरी होत्या. तिथली मंडळी ‘लेक’ म्हणत नाहीत, ‘धरण’ म्हणतात. आणि जे उठून वर आले, त्यांना सरकारी कागदावर एक शब्द आहे, धरणग्रस्त. काका तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यांना आठवतं की घराची कौलं एकेक करून उतरवली, वासे आणि खांब सुटे केले आणि बैलगाडीने वर आणले. ज्या पडवीत आम्ही चहा पीत होतो, तिचे सागवानी खांब खालच्या घराचे होते. मी त्या खांबाला पाठ लावून लॅपटॉपवर ऑफिसचा एक मेल टाकला होता. नंतर तिथे टेकताना जरा वेगळं वाटायला लागलं.

रविवारी सकाळची गोष्ट. एप्रिलअखेर म्हणजे पाणी बरंच मागे गेलेलं असतं. काठाला आधी भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, मग उथळ पाणी. दिसायला एकदम सौम्य, एखाद्या समुद्रकिनाऱ्यासारखं. पाचव्या मजल्यावरचे दादा आणि त्यांचा मुलगा हवा भरलेली ट्यूब घेऊन पाण्यात शिरले. दादांना पोहता येतं, चांगलं येतं. पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. मुलगा पुढे, दादा मागे.

आणि पडवीतून आजी ओरडल्या. त्यांचा आवाज एवढा असेल असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. “आरं तिकडं न्हाय! मागं फिर! हीर हाय तिथं, हीर!”

हीर म्हणजे विहीर. दादांना शब्द कळला नाही, पण आवाज कळला. त्यांनी मुलाच्या दंडाला धरून मागे ओढलं. तोवर काकांचा पुतण्या पळत खाली पोचला होता. तो काही बोलला नाही. त्याने तंबूचा एक लांब बांबू घेतला, बारा-तेरा फुटांचा असेल, आणि पाण्यात टेकवत टेकवत पुढे गेला. गुडघाभर, गुडघाभर, गुडघाभर. मुलगा उभा होता तिथून पाच-सहा पावलांवर बांबू सरळ खाली गेला. त्याने तो पूर्ण हातभर पाण्यात घातला, तरी तळ लागला नाही.

पाण्यावरून काहीही दिसत नव्हतं. रंग तोच, लाटा त्याच.

दादा वर आले आणि आजींच्या पायाशी नुसते बसून राहिले. वहिनींनी मुलाला टॉवेलमध्ये गुंडाळलं, ऊन मे महिन्याचं असूनही. आजी म्हणाल्या, “लगीन होऊन आले तवापास्नं त्या हिरीचं पाणी भरलं मी. डोळं गेलं तरी दिसंल मला ती कुठं हाय ते.”

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ऐकणाऱ्यांत पोहणारे पुष्कळ असतील. धरणाचा काठ फसवा असतो, त्याला कारणं आहेत. तळाशी पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं आहेत. एका खाचरात पाणी कमरेला असतं आणि बांध ओलांडला की पुढचं खाचर एकदम खाली. गाळात पाय रुततो, आणि रुतलेला पाय काढायला जोर लावला की दुसराही रुततो. पाण्याखाली झाडांची खोडं असतात, मासेमारीची जाळी असतात, जुन्या विहिरी असतात. तलावात पोहता येणं आणि धरणात पोहता येणं यात हा फरक आहे. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पवनेत बुडण्याच्या बातम्या येतात, आणि त्यातले बरेच जण बाहेरून आलेले, आपल्याच वयाचे असतात. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट घाला आणि त्याचे पट्टे आवळा, फोटोसाठी सैल सोडू नका. आणि पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. गुगल मॅपला ती विहीर माहीत नाही.

संध्याकाळी काका आम्हाला वाघेश्वराच्या देवळाकडे घेऊन गेले. हे देऊळ धरणाच्या पोटात आहे. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. काळ्या दगडाचं, जुन्या घडणीचं. इतकी वर्षं बुडतं आणि वर येतं, तरी गाभारा उभा आहे. आम्ही गेलो तेव्हा गावच्या दोन बायका पिंडीवरचा गाळ पुसत होत्या. सर, जे मीटिंगमध्ये कोणाला बोलू देत नाहीत, ते पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. आजूबाजूच्या उघड्या पडलेल्या जमिनीत कोणी कोणी काकडी, कलिंगड लावलं होतं. पाणी उतरल्यावर गाळात जी शेती करतात तिला गाळपेर म्हणतात. हा शब्द मला त्या दिवशी कळला. स्वतःच्याच बुडालेल्या जमिनीवर चार महिन्यांची शेती, पाऊस येईपर्यंत.

रात्री जेवायला चुलीवरच्या भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणी तांदळाचा भात. मावळातला इंद्रायणी शिजताना त्याचा वास घरभर फिरतो. जेवणं झाल्यावर सगळे पडवीत आले, आणि व्हायचं तेच झालं. टँकरचा विषय निघाला. काकू म्हणाल्या, “झालं सुरू.” पण त्या पडवीत बसून भांडायला जमत नव्हतं. समोर अंधारात ते सगळं पाणी पसरलेलं होतं ना.

सरांनीच एक प्रश्न काढला, जो आपल्या सगळ्यांना दर पावसाळ्यात पडतो. “धरण शंभर टक्के भरलं अशी बातमी येते. मग तरी दिवसाआड पाणी का?”

मी म्हटलं, थांबा, हिशोब करून बघू. तुम्ही पण माझ्याबरोबर करा, मोबाइल हातात आहेच. पवना धरणाची साठवण साधारण साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. म्हणजे धरणात झाले सुमारे २४ हजार कोटी लिटर. शहराला या धरणातून रोज पाचशे एमएलडीच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे ५० कोटी लिटर. २४ हजार भागिले ५०. उत्तर ४८० दिवस.

अर्थात हे कागदावरचं उत्तर आहे. त्यातून शेती, कारखाने, काठची गावं वजा करायची, उन्हाने जी वाफ होते ती वजा करायची. तरी प्रश्न उरतोच. एवढं पाणी असेल तर अडतं कुठे?

आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन कळेल. स्टोरेज वेगळं आणि बँडविड्थ वेगळी. सर्व्हरवर फाइल पडलेली आहे, पण नेट टू-जी आहे, तर चित्रपट अडकत अडकतच बघावा लागतो. पाण्याचंही तसंच. धरणातलं पाणी नदीत सोडतात. ते नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे पंपाने उचलतात, निगडीला सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात, तिथून ठिकठिकाणच्या उंच टाक्यांत, टाक्यांतून रस्त्याखालच्या पाइपांत आणि मग आपल्या सोसायटीच्या हौदात. रोज किती पाणी घ्यायची परवानगी आहे, किती उचलता येतं, किती शुद्ध करता येतं आणि वाटेत किती गळतं, यावर नळ ठरतो. धरण काठोकाठ भरलं म्हणून पंप मोठा होत नाही. आणि त्या पाइपाच्या टोकाला दर वर्षी नवे टॉवर उभे राहतात, त्यातल्याच एकात मी राहते.

मला वाटलं, वा, छान समजावलं. तेव्हा काकांचा भाऊ, जो इतका वेळ गप्प बसून सुपारी कातरत होता, तो म्हणाला, “ताई, तुमची ती बँडविड्थ वाढवायचा एक बेत झाला व्हता. बंद पाइपलाइनचा.”

पुण्याकडच्या ज्या श्रोत्यांचं वय पंचविशीच्या आत आहे, त्यांना हे कदाचित माहीत नसेल. बेत असा होता की पाणी नदीत न सोडता धरणापासून थेट शहरापर्यंत बंद पाइपातून न्यायचं. शहराच्या बाजूने बघितलं तर त्यात अर्थ आहे. वाटेत पाणी घाण होत नाही, गळती कमी, शुद्ध करायचा खर्च कमी. पण मावळच्या बाजूने बघा. नदी वाहती आहे म्हणून काठच्या शेतांवरच्या मोटारी चालतात. पाणी पाइपात गेलं तर नदीत काय राहणार, ही भीती. त्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं जुनं दुखणं बाकी. ९ ऑगस्ट २०११ ला शेतकरी एक्स्प्रेसवेवर उतरले, बऊर गावाजवळ. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. त्यानंतर प्रकल्पाला स्थगिती मिळाली.

भाऊंनी हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, “पाणी नका नेऊ असं कुणी म्हनत न्हाय. शहरात आमचीच पोरं हायत. पर इचारा तरी.”

काका म्हणाले, आई पहिल्यांदा वाकडला राहायला आली, तेव्हा तिला सांगितलं की या नळाला पवनेचं पाणी येतं. तर ती म्हणाली, “म्हंजी आपलंच की.” आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरात कोणाला नळ मोकळा सोडू देत नाही. दात घासताना सुद्धा मागे येऊन उभी राहते.

हे ऐकून माझ्या रूममेटने सरांकडे बघितलं, सरांनी तिच्याकडे बघितलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीवर हसले.

खरं सांगू का, शेजारी म्हणजे ज्याच्या घरातल्या मिक्सरचा आवाज आपल्या घरात येतो तो, एवढीच माझी व्याख्या होती. वाकड ते तो काठ, गाडीने दीड तास. पण पाण्याच्या वाटेने बघितलं तर आम्ही एकाच लाइनवर आहोत. ते लाइनीच्या सुरुवातीला, आम्ही शेवटाला. माझ्या वरच्या मजल्यावरच्याने टाकी रिकामी केली तर मला चौकशी करावीशी वाटते. मग जिथून टाकी भरते, तिथल्या माणसांचीही चौकशी करायला नको का?

सोमवारी सकाळी पुतण्याबरोबर कचरा गोळा करायला गेले. त्याच्या तंबूंचा नव्हे, शेजारच्या मोकळ्या जागेतला. लाँग वीकेंडची दुसरी सकाळ. बाटल्या, फुटलेल्या काचा, थर्माकोलच्या थाळ्या, आणि एक अख्खा केक, बॉक्ससकट. रात्री एक वाजेपर्यंत पलीकडून स्पीकर वाजत होता, तेही त्याने दाखवलं. मी म्हटलं, तुम्हाला राग येत नाही का? तो म्हणाला, “येतो. पण तुम्ही लोक आला नाहीत तर मी कंपनीत हेल्परला जाणार. गावात राहून पोट भरतंय ते तुमच्यामुळेच. फक्त येताना पाहुण्यासारखं या.” मग काचेचा तुकडा उचलत म्हणाला, “ही काच जूनमध्ये पाण्याखाली जाते. पुढच्या वर्षी पाणी उतरलं की आमच्या गाळपेरीत सापडते. पायाला.”

आता परत आल्यावर काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की छान छान बोलून सोडून दिलं.

वाद पूर्ण मिटला असं नाही. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचा विचार झाला, पण आमच्यासारख्या इमारतींत एका फ्लॅटला पाण्याचा एकच पाइप नसतो. स्वयंपाकघराचा वेगळा, प्रत्येक बाथरूमचा वेगळा. म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर. खर्च ऐकून सगळे गप्प झाले. मग आम्ही फुकटातली एक गोष्ट केली, जी तुम्ही पण करू शकता. रात्री एक ते पहाटे पाच या वेळात जवळपास कोणी पाणी वापरत नाही. हौदातून वर पाणी चढवणारा पंप त्या वेळात बंद ठेवला. एक वाजता गच्चीवरच्या टाकीतली पातळी मोजली, पाच वाजता परत मोजली. मोजायला गच्चीवर कोण? सर आणि माझी रूममेट. टॉर्च, काठी आणि थर्मासमध्ये चहा.

पातळी पाच सेंटीमीटर उतरली होती. टाकी चार मीटर बाय तीन मीटर. म्हणजे सहाशे लिटर, चार तासांत, सगळे झोपलेले असताना. तासाला दीडशे, दिवसाला तीन हजार सहाशे. तीन दिवसांत एक टँकर, कोणीही न वापरता गेलेला. मग फ्लॅट-फ्लॅट फिरून फ्लशच्या टाक्या तपासल्या. टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचं नाही, आणि भांड्यात रंग उतरला तर समजायचं की वॉशर गेला. अकरा फ्लॅटमध्ये रंग उतरला. त्यात भाडेकरू चार आणि मालक सात. सरांच्या घरी पण. त्यांनी हे स्वतः ग्रुपवर लिहिलं, याचं मला कौतुक वाटलं. भाडेकरूंनी जास्त पैसे द्यायचा मुद्दा त्यानंतर कोणी काढला नाही.

पाचव्या मजल्यावरच्या दादांनी मुलाला पोहण्याच्या क्लासला घातलं आहे. आणि त्यांच्या घरी दिवाळीचा पहिला फराळाचा डबा आता समोरच्या काकांकडे जातो, आजींसाठी.

तर मंडळी, पुढच्या लाँग वीकेंडला पवनेला जाणार असाल तर जरूर जा. शक्यतो गावातल्याच माणसाकडे राहा, पैसे गावात राहू द्या. स्पीकर नेऊ नका. काच नेली तर मोजून न्या आणि मोजून परत आणा. न विचारता पाण्यात उतरू नका. आणि तिथे कोणी आजी-आजोबा भेटले तर त्यांना विचारा, पाण्याखाली काय काय आहे. ते सांगतात. आपण विचारत नाही.

एक गृहपाठ देते. तुमच्या नळाला कोणत्या धरणाचं पाणी येतं ते शोधा. मुंबईकरांनो, तुमचं भातसा, वैतरणा, तानसा. पुणेकरांनो, खडकवासला आणि त्याच्या वरची पानशेत, वरसगाव, टेमघर. नाशिककरांनो, गंगापूर. तिथे कोणती गावं होती, ती आता कुठे आहेत, हेही शोधा. सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एका एपिसोडमध्ये आपण त्या ऐकू. दोन मिनिटांच्या आत पाठवा, माझ्या फोनचं स्टोरेज भरत आलंय.

आणि आज रात्री झोपण्याआधी फ्लशच्या टाकीत तो रंग टाकून बघा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.